मैलामागे कर: गाडीचे रीडिंग घेणार कोण आणि ताळा जमवणार कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2028 पासून इलेक्ट्रिक गाड्यांवर मैलामागे कर लावण्याचे जाहीर झाले आहे. गाडीत माग काढणारे उपकरण बसवले जाणार नाही, असेही सरकार सांगते. मग गाडी वर्षभरात किती धावली हे कोण ठरवणार, मीटर मागे फिरवणाऱ्यांना कसे पकडणार, आणि सरळमार्गी गाडीधारकाने उगाच भुर्दंड बसू नये म्हणून काय करावे? प्रश्नकर्त्यांची इलेक्ट्रिक गाडी भाडेकरारावर घेतलेली आहे आणि सुट्टीत ती फ्रान्सलाही जाते, असे त्यांनी कळवले आहे. भाड्याने दिलेल्या गाड्या परत आल्या की त्यांच्या मीटरवरचा आकडा खरा आहे की नाही हे तपासणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. त्यामुळे कर योग्य की अयोग्य या वादात फार न शिरता मी मोजणी आणि पडताळणी यांविषयीच सविस्तर लिहितो.

आधी कराचे स्वरूप पाहू. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी पूर्ण इलेक्ट्रिक मोटारींसाठी मैलामागे 3 पेन्स आणि प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवर आणि चार्ज करता येणाऱ्या बॅटरीवरही चालणाऱ्या, मोटारींसाठी मैलामागे 1.5 पेन्स असा दर जाहीर केला. हा आकार नेहमीच्या वार्षिक वाहनकराच्या जोडीने, म्हणजे त्याव्यतिरिक्त, द्यायचा आहे आणि तो वाहनकराप्रमाणेच डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्यामार्फत वसूल व्हायचा आहे. व्हॅन, बस, ट्रक आणि मोटारसायकली यातून बाहेर ठेवल्या आहेत. यामागचे कारण उघड आहे. इंधनावरील करातून ब्रिटिश तिजोरीत दरवर्षी सुमारे 24 अब्ज पौंड येतात, आणि विजेवर धावणारी प्रत्येक गाडी त्या रकमेतून हळूहळू बाहेर पडत जाते.

3 पेन्स हा दर जड आहे की हलका, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. गॅलनला 40 मैल देणारी पेट्रोल गाडी एका मैलाला साधारण 0.114 लिटर पेट्रोल घेते. 2022 मध्ये ठरवलेला लिटरमागे 52.95 पेन्स हा इंधनकराचा दर धरला, तर मैलामागे सुमारे 6 पेन्स कर होतो, आणि त्या करावर पुन्हा मूल्यवर्धित कर लागतो तो निराळा. म्हणजे पेट्रोलवाला मैलामागे कर आजही भरतोच, फक्त तो पंपावरच्या भावात मिसळलेला असल्याने दिसत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा दर त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवला आहे. मात्र प्लग-इन हायब्रिड घेऊन ती कधीच चार्ज न करणाऱ्याची यात पंचाईत आहे. तो पेट्रोलवरचा पूर्ण कर भरणार आणि वर प्रत्येक मैलाला दीड पेन्सही देणार. कंपनीने दिलेल्या हायब्रिड गाड्या परत येतात तेव्हा त्यांतल्या काहींची चार्जिंगची केबल अजून वेष्टनातच असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वापराला हा कर सर्वांत महाग पडेल.

इंधनकराचा मोठा गुण असा की तो चुकवणे अवघड आणि गोळा करणे स्वस्त. तो मोजक्या तेल कंपन्यांकडून घाऊक पातळीवरच वसूल होतो, गाडीचालकाशी सरकारचा थेट व्यवहारच होत नाही. मैलामागे कर म्हणजे हीच वसुली लक्षावधी गाडीधारकांकडून स्वतंत्रपणे करणे, आणि तीही प्रत्येकाच्या गाडीतल्या अशा एका आकड्याच्या आधारे, जो आजवर करासाठी कधी वापरलाच गेला नव्हता. या योजनेची खरी परीक्षा मला इथे दिसते. मैल मोजण्याचे यंत्र प्रत्येक गाडीत आधीच आहे आणि ते पुरेसे अचूक आहे. प्रश्न आहे तो आकडा कोणी, कधी आणि कोणासमोर टिपला याचा.

प्रस्तावातील पद्धत वीजबिलाच्या सरासरी आकारणीसारखी आहे. वर्षाच्या सुरुवातीला आपण किती मैल चालवू याचा अंदाज द्यायचा, त्यानुसार रक्कम एकदम किंवा हप्त्यांनी भरायची, आणि वर्षाअखेरीस प्रत्यक्ष रीडिंग आले की फरक मिटवायचा. समजा आपण 8,000 मैलांचा अंदाज दिला, तर 240 पौंड, म्हणजे महिन्याला 20 पौंड होतात. प्रत्यक्षात 9,200 मैल झाले तर आणखी 36 पौंड द्यावे लागतील. कमी झाले तर जास्तीची रक्कम आपल्या खाती जमा राहील. प्रत्यक्ष रीडिंग तपासण्याची मुख्य जागा म्हणजे एमओटी ही वार्षिक तपासणी. ग्रेट ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की ती लागू होते, उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांनी. त्याआधीच्या नव्या गाड्यांसाठी पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास मान्यताप्राप्त ठिकाणी केवळ रीडिंग तपासून घ्यायचे, आणि त्यासाठी गाडीधारकाला पैसे पडू नयेत, असे प्रस्तावात आहे.

एमओटीचा आधार घेण्यात शहाणपण आहे. प्रत्येक तपासणीच्या वेळी मीटरवरचा आकडा संगणकात नोंदवला जातो, 2005 पासूनच्या या नोंदी साठवलेल्या आहेत आणि गाडीच्या नंबरप्लेटवरून त्या कोणालाही सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. जुनी गाडी घेणारा सावध माणूस आजही हेच पाहतो. पण या नोंदी आजवर माहितीपुरत्या होत्या. तपासनीसाचे लक्ष ब्रेक, टायर, दिवे यांवर असते आणि आकडा टिपणे हे शेवटचे, उभ्या-उभ्या उरकायचे काम असते. त्यातून होणाऱ्या चुका ठरावीक साच्याच्या असतात. एकूण धाव लिहिण्याऐवजी ट्रिप मीटरचा, म्हणजे एकेका फेरीपुरते अंतर मोजणाऱ्या मीटरचा, आकडा लिहिला जातो. 54,320 चे 45,320 होते. नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये एकूण धाव चालकासमोर न दिसता मधल्या पडद्यावरच्या कुठल्याशा उपमेनूत दडलेली असते, आणि ती शोधताना तपासनीस भलताच आकडा उचलतो. आणि सर्वांत त्रासदायक चूक म्हणजे मैलांच्या जागी किलोमीटर.

या शेवटच्या चुकीचे उदाहरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. एका गाडीच्या नोंदी अशा समजा: पहिल्या वर्षी 12,000, दुसऱ्या वर्षी 24,000, आणि तिसऱ्या वर्षी एकदम 61,200. पाहणाऱ्याला वाटेल की ही गाडी टॅक्सीला लावली. पण 61,200 ला 1.609 ने भागले तर सुमारे 38,040 येतात, आणि हा आकडा आधीच्या चालीशी बऱ्यापैकी जुळतो. म्हणजे कोणीतरी पडद्याची सेटिंग किलोमीटरवर ठेवली होती आणि एकक न पाहता आकडा टिपला गेला. फ्रान्सहून नुकत्याच परतलेल्या गाडीत ही शक्यता अधिकच, कारण तिकडच्या वेगमर्यादा किलोमीटरमध्ये असल्याने चालक स्वतःच एकक बदलतो आणि परतल्यावर विसरतो. आजवर अशा चुकीने फार तर गाडीची विक्रीकिंमत डळमळायची. मैलामागे 3 पेन्सच्या हिशेबाने मात्र सुमारे 420 पौंडांच्या जागी 1,116 पौंडांचे बिल येईल. चांगल्या यंत्रणेने असे रीडिंग स्वीकारण्याआधीच अडवायला हवे. मागच्यापेक्षा कमी आकडा, रोजच्या सरासरीत अचानक मोठा बदल आणि मैल-किलोमीटरच्या गुणोत्तराशी जुळणारी उडी, या तीन गोष्टी संगणकाने जागीच ओळखल्या आणि तपासनीसाला पुन्हा पाहायला लावले, तर तक्रारींचा मोठा भाग जन्मालाच येणार नाही.

दुसरी अडचण तारखांची आहे. वाहनकराचे वर्ष महिन्याच्या पहिल्या तारखेपासून चालते. एमओटी मात्र मुदत संपण्याआधी महिन्याला एक दिवस कमी इतक्या काळात केव्हाही करून घेता येते आणि तरीही पुढच्या वर्षीची मूळ तारीख कायम राहते. एका वर्षी 20 ऑगस्टला तपासणी झाली आणि पुढच्या वर्षी 12 सप्टेंबरला, तर दोन रीडिंगांमध्ये 388 दिवस जातात. रोज सरासरी 25 मैल चालणारी गाडी या काळात 9,700 मैल दाखवेल, पण 365 दिवसांचे मैल 9,125 च होतात. फरक 575 मैलांचा, म्हणजे 17 पौंड 25 पेन्सचा. तारखेपासून तारखेपर्यंत हिशेब करू पाहणारा इथे दिवसांचे भागाकार करत बसतो. त्यापेक्षा रीडिंगपासून रीडिंगपर्यंत आकारणी करणे उत्तम, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे केले की कोणताही मैल दोनदा मोजला जात नाही आणि कोणताही सुटत नाही. एका वर्षी थोडे जास्त गेले तर पुढच्या वर्षी तितकेच कमी होतात. दिवसांची वाटणी फक्त मध्येच दर बदलला तर करावी लागेल, आणि हा दर दरवर्षी महागाईनुसार वाढवायचा असल्याने तेवढी वाटणी चुकणार नाही.

आता मीटरच्या अचूकतेविषयी, कारण त्याबद्दल अनेकांच्या मनात अकारण शंका असते. गाडीचे ओडोमीटर अंतर थेट मोजत नाही, ते चाकाचे फेरे मोजते. चाकाजवळच्या सेन्सरकडून येणारे स्पंद मोजून ते टायरच्या ठरावीक परिघाने गुणले जातात. टायर झिजला की परिघ घटतो, तेवढ्याच अंतराला फेरे जास्त होतात आणि मीटर किंचित जास्त दाखवते. 205/55 आर 16 या सर्वसाधारण मापाच्या टायरची त्रिज्या सुमारे 316 मिलिमीटर असते. नव्या टायरची नक्षी 8 मिलिमीटर खोल धरली आणि ती 1.6 मिलिमीटर या कायदेशीर मर्यादेपर्यंत झिजली, तर त्रिज्येत 6.4 मिलिमीटरची, म्हणजे दोन टक्क्यांची घट होते. मीटरवर 10,000 मैल दिसत असतील तर त्यातले फार तर 200 मैल या कारणाने फुगलेले, म्हणजे 6 पौंडांचा प्रश्न. उलट कोणी मोठ्या मापाचे, समजा 205/60 चे, टायर बसवले तर मीटर सुमारे तीन टक्के कमी दाखवेल. स्पीडोमीटर वेग थोडा जास्त दाखवतो म्हणून ओडोमीटरही मैल जास्त मोजतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. वेगाचा काटा नियमानेच खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, म्हणून उत्पादक त्यात मुद्दाम थोडी वाढ ठेवतात. अंतराच्या मोजणीत ती वाढ मिसळण्याचे कारण नसते. 3 पेन्सच्या दराला ही अचूकता भरपूर झाली.

मीटर मागे फिरवण्याचे प्रकरण मात्र खरे आहे आणि त्याचे दोन निराळे प्रकार आहेत. पहिला प्रकार जुना: गाडी विकण्याआधी एकदाच आकडा खाली आणायचा. ओडोमीटर यांत्रिक होते तेव्हा चाकेच मागे फिरवली जात. आता गाडीतला बिघाड शोधण्यासाठी असलेल्या निदानाच्या सॉकेटला लॅपटॉप लावून किंवा मीटरमधील स्मृतिचिपवर नवे मूल्य लिहून हे केले जाते. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये आकडा बदलणे हा स्वतःच गुन्हा नाही. तो बदल लपवून गाडी विकणे ही फसवणूक ठरते. कर सुरू होण्याआधी ही ढिलाई दूर करावी लागेल, असे मला वाटते. ज्या आकड्यावर कर बसतो तो बदलण्याची सेवा उघडपणे विकली जाऊ देणे विसंगत आहे. पण असा बदल निदान सापडण्याजोगा असतो, कारण नवीन गाड्यांमध्ये एकूण धाव एकाच ठिकाणी नसते. मीटरच्या संचाखेरीज ती इतर नियंत्रक पेट्यांत, म्हणजे गाडीचे वेगवेगळे भाग चालवणाऱ्या छोट्या संगणकांतही साठवलेली असते, कधी चावीतही असते, आणि बिघाडाच्या नोंदीबरोबर त्या वेळचे मैलही लिहिले जातात. 31,000 मैल दाखवणाऱ्या गाडीत 58,000 मैलांवर नोंदलेला बिघाड सापडला की पुढे बोलायला फारसे उरत नाही.

दुसरा प्रकार नवा आणि या कराच्या दृष्टीने अधिक घातक आहे. सेन्सर आणि मीटर यांच्या मधल्या तारांत एक छोटे उपकरण बसवतात, जे जाणारे संदेश गाळून मीटरला निम्मेच अंतर मोजू देते. यात आकडा कधीच मागे जात नाही, त्यामुळे वार्षिक नोंदींची रांग अगदी स्वच्छ, चढत्या क्रमाची दिसते. आणि इतर पेट्यांपर्यंतही तोच गाळलेला संदेश पोहोचत असेल तर त्याही एकमेकींशी जुळतात. दोन रीडिंगांची वजाबाकी करणारी कोणतीही यंत्रणा याला एकटी पुरी पडणार नाही.

तरीही हे करण्यात लाभ कोणाला, याचा हिशेब करून पाहिला की भीती बरीच ओसरते. वर्षाला 15,000 मैल चालवून 7,000 दाखवणाऱ्याचे 240 पौंड वाचतात. त्यासाठी उपकरण विकत घ्यायचे, गाडीची हमी धोक्यात घालायची आणि पकडले जाण्याची टांगती तलवार बाळगायची. भाडेकराराच्या गाडीत ठरल्यापेक्षा जास्त चालवलेल्या प्रत्येक मैलाला लागणारा आकार बहुधा 3 पेन्सपेक्षा अधिकच असतो, आणि जुन्या गाडीच्या विक्रीत कमी मैलांमुळे मिळणारी वाढीव किंमत तर कित्येक पट असते. म्हणजे फसवणुकीचा मोह या कराने नव्याने निर्माण होत नाही. असलेल्या मोहात थोडी भर पडते. दर उद्या दुप्पट-तिप्पट झाला तर मात्र हे गणित बदलेल.

इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत एक जास्तीचा साक्षीदार मिळतो, तो म्हणजे बॅटरी. बॅटरीवर नजर ठेवणारी प्रणाली आजवर किती ऊर्जा आत गेली आणि बाहेर आली याची बेरीज बहुतेक गाड्यांत ठेवते. मध्यम आकाराची गाडी एका युनिटवर साधारण अडीच ते साडेचार मैल जाते. मीटरवर 6,000 मैल आणि बॅटरीतून गेलेली ऊर्जा 3,600 युनिट असे दिसले, तर युनिटला 1.7 मैलही पडत नाहीत, आणि अशी गाडी बाजूला काढून नीट पाहणे भाग आहे. पण हा पुरावा निर्णायक मानू नये. उभ्या गाडीत हीटर चालवणारे, गाडीच्या बॅटरीवर घरची किंवा छावणीतली उपकरणे चालवणारे लोक असतात. हमीखाली बॅटरी बदलली तर तिची नोंद शून्यापासून सुरू होते. शिवाय प्रत्येक उत्पादकाची ही माहिती ठेवण्याची आणि दाखवण्याची तऱ्हा वेगळी आहे. संशय कोणावर घ्यावा हे बॅटरी सांगते, दोष सिद्ध करत नाही.

हाताने आणि डोळ्याने करायच्या तपासणीतही इलेक्ट्रिक गाडी जुने ठोकताळे मोडते. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या चकत्या आणि पेडलचे रबर पाहून मैलांचा अंदाज बांधता येई. इलेक्ट्रिक गाडी बरेचसे ब्रेकिंग मोटरकडूनच करून घेते, त्यामुळे 60,000 मैलांनंतरही चकत्या चांगल्या दिसू शकतात. उलट वजन आणि ओढ जास्त असल्याने टायर लवकर संपतात. म्हणून मी आधी टायरच्या कडेवरचा चार अंकी निर्मितिसंकेत पाहतो, ज्यात पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. दोन वर्षांच्या, 9,000 मैल दाखवणाऱ्या गाडीचे चारही टायर चार महिन्यांपूर्वी बनलेले असतील, तर पहिला संच कुठे गेला हा प्रश्न विचारायलाच हवा.

तपासणी केंद्रावर न जाता गाडीधारकाने स्वतः रीडिंगचा फोटो पाठवावा, ही सूचनाही नेहमी पुढे येते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2021 मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांवर किलोमीटरमागे आकार लावला तेव्हा मालकांना मीटरचा फोटो द्यावा लागत असे. (तो आकार तांत्रिक कारणाने नव्हे, तर घटनात्मक कारणाने गेला: असा कर लावण्याचा अधिकार राज्यांना नाही, असा निकाल ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ऑक्टोबर 2023 मध्ये दिला.) फोटोची मर्यादा अशी की तो आकडा दाखवतो, तो आकडा कधीचा हे सांगत नाही. लोक महिनाभर आधीचा फोटो पाठवतात. अशा फोटोत मी मीटरच्या आकड्याआधी कोपऱ्यातले बाहेरचे तापमान पाहतो. जानेवारीतला म्हणून पाठवलेल्या फोटोत 24 अंश दिसले की पुढचे संभाषण सोपे जाते. तरीही दोन तपासण्यांच्या मधल्या काळासाठी फोटो पुरेसा आहे. वर्षातून एकदा कोणीतरी त्रयस्थ माणूस गाडीत बसून आकडा पाहणार असेल, तर मधल्या फोटोतली लबाडी फार काळ टिकत नाही.

इतर देशांच्या अनुभवातून मला न्यूझीलंडचा सर्वांत उपयोगी वाटतो. तिथे डिझेल गाड्यांना कित्येक दशके रस्तावापर आकार लागू आहे आणि 1 एप्रिल 2024 पासून हलक्या इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या. त्यांचा दर 1,000 किलोमीटरला 76 न्यूझीलंड डॉलर असा ठेवला गेला. तिथे अंदाज देऊन नंतर फरक मिटवायचा नसून किलोमीटर आधी विकत घ्यायचे असतात, म्हणजे आपल्या परवान्यावर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे मीटर गेले की आपण थकबाकीदार. गाडीच्या नियमित तपासणीत नोंदलेले रीडिंग त्यासाठी वापरले जाते. अमेरिकेतील ओरेगन राज्याने 2015 मध्ये ऐच्छिक योजना सुरू केली आणि त्यात जीपीएस असलेले किंवा नसलेले उपकरण निवडण्याची मुभा दिली. ज्याला राज्याबाहेरचे मैल वगळून हवे असतील त्याने आपले ठिकाण कळू द्यावे, ज्याला ते नको त्याने सगळ्या मैलांचे पैसे द्यावेत. आणि नोंदींच्या साखळीच्या बाबतीत बेल्जियमने सगळ्यांना मागे टाकले आहे. तिथे 2006 पासून जुनी गाडी विकताना रीडिंगांचा अधिकृत दाखला द्यावाच लागतो, आणि तो भरला जावा म्हणून गॅरेजांनी प्रत्येक कामाच्या वेळी रीडिंग कळवणे बंधनकारक आहे. वर्षाला एकच नोंद होते तिथे बारा महिन्यांची मोकळीक मिळते. सर्व्हिसिंग, टायर, काच अशा प्रत्येक कामाच्या वेळी नोंद झाली की ती मोकळीक आठवड्यांवर येते. गाळणारे उपकरण बसवून काढून टाकणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत अडचणीची ठरते. ब्रिटनने नवे उपकरण शोधत बसण्यापेक्षा बेल्जियमची ही सवय उचलावी.

मग सरळ जीपीएसच का नको, असे विचारले जाते. ट्रकांसाठी ते चालते: जर्मनीत 2005 पासून जड ट्रकांचा पथकर उपग्रहांच्या मदतीने आकारला जातो, कारण तिथे ठरावीक रस्त्यांवरचेच अंतर मोजायचे असते. खासगी मोटारींचे तसे नाही. ब्रिटनमध्ये 2007 साली रस्तावापर आकार आणि गाड्यांचा माग ठेवणे यांच्याविरुद्ध पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावरील अर्जावर सुमारे 18 लाख सह्या झाल्या होत्या, आणि त्यानंतर कोणत्याही सरकारने बरीच वर्षे या विषयाला हात लावला नाही. तांत्रिक दृष्टीनेही, सर्व रस्त्यांना आणि सर्व वेळांना एकच दर असेल तर गाडी कुठे होती हे जाणून घेण्याची गरजच उरत नाही. गर्दीच्या वेळी शहरात जास्त आणि रात्री खेड्यात कमी असा दर लावायचा झाला, तरच ठिकाण आणि वेळ लागतात.

ठिकाण न विचारण्याची किंमत मात्र आहे, आणि ती प्रश्नकर्त्यांच्या फ्रान्सच्या सहलीत दिसते. गाडी कुठे होती हे विचारायचे नाही असे ठरवले, की परदेशातले मैल वेगळे काढता येत नाहीत, म्हणून ब्रिटनमध्ये नोंदलेल्या गाडीचे परदेशातले मैलही मोजले जाणार, अशीच प्रस्तावाची दिशा आहे. कॅलेहून दक्षिण फ्रान्सला जाऊन येण्यात 1,500 मैल होत असतील तर 45 पौंड, शिवाय तिकडच्या महामार्गांचा पथकर वेगळा. उत्तर आयर्लंडमध्ये राहून रोज सीमेपलीकडे आयर्लंड प्रजासत्ताकात कामाला जाणाऱ्यांवर हा अन्याय अधिक ठळक आहे, आणि तिथून होणारी तक्रार रास्त आहे. पण फेरीची तिकिटे दाखवून सूट मिळवण्याची सोय केली, तर ती तपासण्याचा खर्च वाचणाऱ्या करापेक्षा जास्त होईल.

भाडेकराराच्या गाडीत नोंदणीकृत धारक सहसा भाडे देणारी कंपनी असते आणि वाहनकरही तीच भरते. त्यामुळे मैलांचा आकार आधी कंपनीकडे जाईल आणि मग करारानुसार आपल्याकडे येईल. एप्रिल 2028 च्या पुढे जाणारा करार करताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: अंदाज कोण देणार, फरकाची रक्कम कधी मिटवणार, आणि कंपनी प्रत्यक्ष कराव्यतिरिक्त हाताळणीचे शुल्क लावणार का. करारात वर्षाला 10,000 मैल लिहिले आहेत म्हणून कंपनीने तोच अंदाज धरला आणि आपण 6,000 च चालवले, तर 120 पौंड वर्षभर दुसऱ्याकडे अडकून राहतात.

गाडी हातची जाते तो क्षण सर्वांत नाजूक असतो. जुन्या गाडीच्या विक्रीत विकणाऱ्याला कमी रीडिंग हवे असते, कारण त्याचा कर घटतो आणि किंमत वाढते. घेणाऱ्याचा स्वार्थ नेमका उलटा: कमी लिहिलेले मैल पुढच्या तपासणीत त्याच्या नावावर येतात. म्हणून हस्तांतराच्या अर्जावर दोघांच्या संमतीने लिहिलेला आकडा बराच विश्वसनीय असतो, आणि तो आकडा दोघांकडूनही मागितला गेला पाहिजे. आपली भाड्याची गाडी परत देताना गाडी नेणाऱ्या माणसासमोर एकूण धाव, एकक आणि तारीख एकाच चौकटीत येईल असा फोटो काढावा आणि त्याच्या पावतीवर तोच आकडा लिहून घ्यावा. गाडी ट्रेलरवर न चढवता चालवत नेली, तर वाटेतले मैल कोणाचे हा वाद त्या फोटोने मिटतो.

एमओटी झाल्यावर दाखल्यावरचे रीडिंग केंद्रातून निघण्याआधी गाडीच्या पडद्याशी ताडून पाहावे. चूक दिसली तर 28 दिवसांच्या आत त्याच केंद्राला सांगून ती दुरुस्त करून घेता येते. नंतर तपासणी यंत्रणेच्या मुख्य कार्यालयाकडे पुराव्यानिशी जावे लागते, आणि तिथे तपासणीच्याच तारखेचे, रीडिंग छापलेले बिल कामी येते. मीटरचा संच किंवा पडदा बदलावा लागला तर गॅरेजकडून काढलेल्या संचावरचा शेवटचा आकडा आणि बसवलेल्या संचावरचा पहिला आकडा, दोन्ही तारखेसह बिलावर लिहून घ्यावेत. पडदा पूर्ण बंद पडल्यामुळे जुना आकडा वाचता येत नसेल, तर तो इतर नियंत्रक पेट्यांतून काढून देण्यास गॅरेजला सांगावे. हे काम निदानयंत्र जोडून तिथल्या तिथे होते आणि संच बदलण्याच्या आधी करून घेतलेले बरे.